पुरेव, आज तुगुल्दुर तुझ्याकडे

पुरेव,

घाबरू नकोस, मी ताईकडे झोपायला गेलेय. संध्याकाळी येते. रात्रपाळीहून येऊन झोपला होतास म्हणून उठवलं नाही. आपला तुगुल्दुर तुझ्या शेजारीच आहे.

चुलीवर बनतानचं सूप आहे, पीठ घालून घट्ट शिजवलंय. भरवताना त्याला मांडीवर ताठ बसव. आडवा असला की ठसका लागतो. गिळायला त्याला खूप वेळ लागतो, घाई करू नकोस. मग पाठीला उशी लावून बसव आणि त्याच्याशी बोलत राहा. काय बोलू, म्हणशील. तुझ्या खाणीतल्या गमती सांग. उत्तर देत नसला तरी ऐकतो तो.

काल आरोग्य केंद्रातल्या बाईंनी त्याला तपासलं आणि मग मलाच विचारलं, "नोमिन, तू शेवटची पोटभर कधी झोपलीस?" मला आठवेना. तिथेच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं त्याचं सगळं एकटीच करतेयस. बाप आहे ना घरात? त्याला शिकव की." म्हणून हे लिहितेय. तुझ्यावर चिडलेले नाही, चिडायचं त्राणच नाही.

आणि दुपारी तुझे दोस्त येतील. मागच्या वेळी त्याची लाज वाटून त्यांना "पोरगं आजोळी गेलंय" म्हणालास, तेव्हा त्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी पडद्याआड त्याच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. आज पडद्याआड बसायला मी नाही. त्याला कडेवर घेऊनच दार उघड.

नोमिन