अप्पांच्या पुस्तकांना कपाट

सोम., ३ नोव्हें.
अप्पांना घेऊन पालघरला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. मुलगा म्हणून मला एकट्याला आत बोलावून सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब फक्त उरलेली टिकवायला. तीही किती दिवस, नक्की नाही. बाहेर अप्पा बाकावर. "काय म्हनला?" तोंडातून निघून गेलं, थेंबांनी फरक पडेल. असं का म्हणालो, कळत नाही. घरी बायकोला, नीताला, खरं ते सांगितलं.

बुध., ५
खोटं अंगाशी आलं. डोळे सुधारणार म्हणून अप्पांनी चिंचणीच्या घरातली सगळी पुस्तकं इथे सरावलीला मागवली. शाळामास्तर माणूस, जन्मभर जमवलेली. टेम्पोतून मासळीचे अकरा क्रेट उतरले, पुस्तकांनी भरलेले. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. नीता भांडी आपटत होती. अप्पा म्हणाले, भिंतीला कपाट करून घेऊ, नजर आली की एकेक परत वाचायला काढतो.
सांगायला हवं. पण कसं...

रवि., ९
सुतार अप्पांनीच ठरवला. त्यांचा लहानपणचा दोस्त पांडूकाका. आयुष्यभर होड्या केल्या, कपाट हे पहिलंच. प्रत्येक फळीला पुढून चार बोटं उंच काठ ठोकलाय. कशाला, तर सामान घरंगळू नये. आमचं घर कुठे हेलकावे खातंय? अप्पा खूश.

गुरु., १३
फर्स्ट शिफ्ट करून आलो तर जिन्यातच वास. काकांनी फळ्यांना मुशी माशाचं तेल चोपडलंय, होडीला लावतात तेच! दारात तीन मांजरं. काका शांत. "किडा लागनार नाय. होडी पन्नास पावसाळं काडते." अहो काका, ती समुद्रात असते.
नीताने मला बाजूला घेतलं. म्हणाली, ज्यांना वाचताच येणार नाही त्यांच्यासाठी घर कशाला नासवतोस, सांगून टाक. तिचं बरोबर आहे. आणि माझंही चुकतंय असं वाटत नाही. दोन्ही कसं खरं असेल?

शनि., १५
फळ्या सोड्याने घासून दोन दिवस गच्चीवर उन्हात. वास निम्मा गेला, मांजरं गेली नाहीत. कपाट उभं केलं.
आज सांगायचंच म्हणून अप्पांजवळ बसलो. ते पुठ्ठे चाचपून पुस्तकं लावत होते. डोळे मिटलेले, नावं मात्र एकूण एक बरोबर. डोळे का मिटलेत विचारलं. "सवय केल्याली बरी." कसली सवय? म्हणजे माहीत आहे? की थेंब घातले होते म्हणून? बाटली शेजारीच होती. उठून आलो. भित्रा आहे मी.

सोम., १७
सुट्टी. कपाट भरलं. मधला एक खण रिकामा, आणि एक क्रेट अजून खाली. म्हटलं, अप्पा, ही राहिली की.
"ऱ्हाऊ दे. तो खण तुजा. तुजी पुस्तकं ठेव."
माझी कुठली? माझ्याकडे ही वही एवढीच. दुपारी तीच ठेवली. अप्पांनी लगेच चाचपून विचारलं, कसली. म्हटलं, काही नाही, मी लिहीत असतो.
बराच वेळ मांडीवर धरून बसले. मधूनच एखादं पान उलटत, बोट फिरवत. वही परत घ्यायला मी हात पुढे केला. यातलं एक अक्षर त्यांना दिसणार नाही हे माहीत असूनही.
मग वही माझ्या हातात दिली. "कवातरी वाचून दाकव."
हो म्हणालो.