दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

२ जानेवारी, सोमवार

टँगो! ह्या वयात! आणि तोही औषध म्हणून!

ह्यांना व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई आज म्हणाल्या, "काकू, आता काकांना नाचायला न्या." मला वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये पार्किन्सन्सवाल्यांसाठी टँगोचा वर्ग आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नीट टाकायचं, थांबायचं, ठरवून पुन्हा निघायचं — ह्यांना नेमकं तेच जड जातं, आणि ह्या नाचात नेमकं तेच असतं म्हणे. आजार जाणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तोल सुधारतो, पाय जमिनीला चिकटणं कमी होतं. "आणि माणूस हसतो," म्हणाल्या.

हे म्हणाले, "आयुष्यभर लोकांना मोटार शिकवली. आता मला चालायला कोण शिकवणार?"

जायचं. ठरलं!

३ जानेवारी

लेकीचा फोन. बाबा बाथरूममध्ये पडले ते तिच्या डोक्यातून जात नाही. "आई, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तू एकटी. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा ब्लॉक रिकामा झालाय. महिनाअखेरीस मी येते. बाबा कुणाचा हात न धरता जिना उतरले तर मी गप्प बसेन. नाहीतर सामान बांधायचं."

माझ्याच पोटची. हट्टी!

मी हे घर सोडणार नाही. लग्न होऊन आले ती इथेच. ह्याच जिन्यावर बसून ही लेक बाबांच्या हॉर्नची वाट बघायची — विसरली वाटतं.

६ जानेवारी, शुक्रवार

पहिला वर्ग. शिकवणारी काटकुळी, ताठ. ह्यांनी लगेच नाव ठेवलं — छडी.

हॉलमधल्या लाकडी जमिनीच्या पॉलिशचा वास आला आणि मी थेट कॉन्व्हेंट शाळेत पोचले. शनिवारी सिस्टर नाच शिकवायला ग्रामोफोन लावायच्या. सगळ्या मुलीच, मग पुरुष आणायचे कुठून? उंच मुलींनी पुरुष व्हायचं! मी कायम पुरुष. माझी जोडीदारीण बुटकी, गोल चेहऱ्याची, माझ्या बुटांवर पाय देऊन स्वतःच सॉरी सॉरी म्हणायची. कुठे असेल आता? असेल ना?

तर मी तोऱ्यात गेले, मला सगळं येतं म्हणून. आणि हे हॉलच्या दारातच अडकले. वाटेत काही नाही, नुसती चौकट, तरी पाय खिळल्यासारखे. मी नेहमीसारखे दोन्ही हात धरले आणि उलटी चालत ओढून आत आणलं. छडी बघत होती.

१० जानेवारी

वाईट. प्रत्येक वळणावर अडकले. एकदा मी ओढलं आणि हे गुडघ्यावर आले. सगळे बघत होते.

रडले नाही. घरी येऊन चादरी धुतल्या.

१३ जानेवारी, शुक्रवार

छडीने आज ह्यांना माझ्याकडून काढूनच घेतलं. तिच्याबरोबर हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले! वळलेसुद्धा! मध्ये एकदा थांबले, तर तीही थांबली, खांबासारखी. मग हे आपणहून निघाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

नंतर छडीने मला बाजूला घेतलं. "ताई, मागे जाणाऱ्याने ओढायचं नसतं. पुढे येणारा निघेपर्यंत थांबायचं असतं. तुम्ही त्यांच्या आधी निघता. मग त्यांनी ठरवायचं काय?"

बसमध्ये मी ह्यांना विचारलंच, "माझ्याशीच का हो अडकता?"

हे म्हणाले, "शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा, आठवतो? मी त्यावर पाय ठेवलाय हे शिकणाऱ्याला कळलं, की तो चालवायचाच नाही. नुसता स्टिअरिंग धरून बसायचा."

"म्हणजे मी?"

"तू काळजीनेच ठेवतेस गं. पण काढ आता पाय."

असा राग आला! शर्टाची बटणं कोण लावतं? गोळ्या कोण देतं? रात्री हाकेला कोण उठतं? मी ब्रेक!

१४ जानेवारी

राग उतरला. पाय काढायचा. कसा ते माहीत नाही, पण काढायचा.

१७ जानेवारी, मंगळवार

घरीच सराव, दोन खोल्यांमधल्या बोळात. छडीने सांगितलंय, तळहात त्यांच्या छातीवर ठेवा. निघण्याआधी माणूस किंचित पुढे येतो, ते हाताला कळतं. तोवर हलायचं नाही.

थांबणं किती अवघड! हात शिवशिवतात. आत दूध उतू जातंय, वास येतोय, आणि मी उभी. पाय काढायचा, पाय काढायचा, असं मनात घोकत. आणि मग — आलं! छाती इतकीशी पुढे आली. मी मागे गेले. हे पुढे. मी मागे. दोन्ही दारं ओलांडली!

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी चक्क लाजले.

"दूध गेलं," हे म्हणाले.

"जाऊ दे."

२० जानेवारी

छडी म्हणते, टँगोत थांबणं ही चूक नाही, तोही नाचच. किती बरं वाटलं! आता हे अडकले की आम्ही दोघं थाटात उभे राहतो, मुद्दाम थांबल्यासारखे. आज फाटकातच अडकले. मागे शेजारीण भाजीची पिशवी घेऊन ताटकळत होती.

"काय हो, फोटो काढायचाय का?"

"नाच चालू आहे," हे म्हणाले. "तिकीट काढून बघा!"

माणूस हसतो, म्हणाल्या होत्या बाई. खरंच हसतो.

२४ जानेवारी

गोळीची वेळ चुकली, सगळा दिवस पाण्यात. उद्या पुन्हा.

२९ जानेवारी, रविवार

लेक आली. चहासुद्धा नको म्हणाली, आधी जिना.

मी वरच उभी राहिले, हात पाठीमागे घट्ट धरून. ती ह्यांच्या पुढे उतरत होती. मधल्या वळणावर हे अडकले. एक पाय वर, एक खाली. तिने हात पुढे केला आणि मी अशी ओरडले, "हात लावू नकोस!" की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

हे उभे. ताठ. मला पाठच दिसत होती. मग खांदे किंचित पुढे झुकले आणि पाऊल पडलं. मग दुसरं. थेट खालपर्यंत!

खालून ह्यांची हाक आली, "पुढच्या विद्यार्थ्याला पाठवा!"

लेक रडली. मग मला मिठी मारून म्हणाली, "जिंकलीस, आई. मी परत विषय काढणार नाही." शब्दाची पक्की आहे.

घर राहिलं! सगळ्या खिडक्या उघडून बसले.

३१ जानेवारी, मंगळवार

सकाळी ह्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. मला वाटलं, सुखरूप पोचलीस का म्हणून. तर म्हणाले, "तो खालचा ब्लॉक ठेव आमच्यासाठी. येतो आम्ही. नाही, आईचं नाही, माझं ठरलंय. जिना उतरता येतोय तोवर आपल्या पायांनी उतरलेलं बरं."

मला विचारलं नाही. फोन ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले.

तोंडाशी बरंच काही आलं होतं. मग विचारलं, "आधी काय बांधायला घेऊ?"

"पुस्तकं," म्हणाले.