दुसऱ्या चढाची पिवळी रिंग

रवि., ४ मे २००८

आजपासून तमिळनाडूतली कत्तिरी. वर्षातलं सगळ्यात भाजणारं ऊन. इथले लोक या दिवसांत घरभरणीसुद्धा करत नाहीत, आणि आमची कंपनी रोड रेस ठेवते! कारण काय, तर मोठ्या साहेबांचा वाढदिवस ११ मेला. साहेब डिसेंबरात जन्मले असते तर काय बिघडलं असतं?

सराव झाला. नितीनने पहाटे वेलचेरीहून बाइकवर आणून तांबरमच्या पुढे टेकडीपाशी सोडलं आणि स्वतः चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसला. नवरा म्हणून एवढं पुष्कळ. फॅक्टरीच्या गेटपासून टेकडीपर्यंत एक किमी सपाट, मग दीड किमी चढ, वर मुरुगनचं देऊळ, तिथून वळून खाली. चढ दोनदा. परत गेटपर्यंत. एकूण आठ.

कराडला आगाशिवच्या डोंगरावर पळायचे ते याच्या दुप्पट उभं. पण तिथली हवा कोरडी. इथे घाम येतो तो अंगावरच राहतो. दुसऱ्या चढाला तर श्वास घेतला की भाताच्या कुकरवर तोंड धरल्यासारखं होतं.

जिंकायचंय. पहिली येणारी बाई जुलैत पुण्याला जाणार, सगळ्या युनिटांच्या रेसला. आई-दादा कराडहून बघायला येतील. दादांनी आत्ताच विचारलंय, कुठे उभं राहायचं.

बुध., ७ मे

नोटीस लागली. वर वळणाऱ्या प्रत्येकाला मनगटात रबरी रिंग. पहिल्या चढाला लाल, दुसऱ्याला पिवळी. दोन नसतील तर बाद. आमच्याच फॅक्टरीतली रिजेक्ट सीलं रंगवून काढलीत. म्हणजे क्वालिटीत बसून मी ज्या मालावर फुली मारते, तोच माल मी पळाले की नाही हे ठरवणार. छान!

रिंगा वाटायला वर स्टोअर्सचे राव मामा. मैलापूरचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. सात-आठ पिढ्या तमिळनाडूत, पण माझ्याशी मराठीतच बोलतात, जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून. रिटायर व्हायला पाच महिने उरलेत.

बायकांत नऊ नावं. खरी पळणारी एकच, मोल्डिंगची रेवती. काँट्रॅक्टवर आहे. वय तेवीस, पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट, पळते मात्र हरणासारखी. कँटीनमध्ये म्हणाली, अक्का, मी अरक्कोणमच्या पलीकडे कधी गेले नाही. मी म्हटलं, यंदाही नाही जाणार तू. दोघी हसलो.

रवि., ११ मे, दुपार

लिहिताना पेन कागदात रुततंय. संतापाने.

रेस सहाला. पाहुणे आले सात दहाला. तोवर आम्ही उन्हात ओळीने उभे, कारण फोटो. मग हार, मग शाल, मग भाषण, विषय आरोग्य!! झेंडा पडला तेव्हा डांबर तापायला लागलं होतं.

पहिला चढ ठीक. राव मामांनी स्वतः लाल रिंग मनगटात घातली, शाबासकी दिली. उतारावर सगळ्या मागे, फक्त रेवतीच्या बुटांचा आवाज. दुसऱ्या चढाला डोळ्यांपुढे पिवळं पिवळं. वर पोचले. राव मामा आता खुर्चीत होते का नव्हते, आठवत नाही. वळले. गेटला पहिली आले. रेवती वीस-पंचवीस पावलं मागे.

बालकृष्णन सर (एचआर, आजचे सर्वेसर्वा) मनगट धरून बघतात तर एकच रिंग. लाल. पिवळी कुठे, मॅडम? मी म्हटलं, पडली असेल. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी मीठसाखरपाणी दिलं आणि कुणीतरी एक फॉर्म पुढे केला. मी सही केली. न वाचता. मी! जी दुसऱ्यांच्या सहीवर सही करायच्या आधी तीनदा वाचते.

माइकवरून: पहिली, रेवती. टाळ्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रागात दिवसभर टोपीसुद्धा काढली नव्हती. आंघोळीला गेले, ती काढली, केस सोडायला हात घातला तर हाताला पिवळी रिंग!

मग आठवलं सगळं. वर माझी क्लिप तुटली होती. केस तोंडावर, मानेला चिकटलेले, जीव नकोसा झाला होता. रिंग हातात आली आणि तिनेच केस बांधले, वर टोपी चढवली. पळता पळता. डोक्यात एवढंच, की मान मोकळी झाली.

ओल्या केसांनीच बालकृष्णनना फोन केला. म्हणाले, उद्या बघू. नितीन हसून हसून लोळला. नंतर माझं तोंड बघून चहा करायला उठला.

सोम., १२ मे

नोटीस बोर्डावर रिझल्ट. माझ्या नावापुढे "बाद. दुसऱ्या फेरीत वर न जाता अर्ध्यातून परत." अर्ध्यातून परत! रिंग नव्हती असं लिहा ना! अर्ध्यातून परत आले हे कुणी पाहिलं?

केबिनमध्ये गेले, रिंग टेबलावर ठेवली. त्यांनी पेनाने ती उलटीपालटी केली. शांतपणे म्हणाले, मॅडम, काल सही करून दिलंत की पडली. आज म्हणता केसात. आणि अशा रिंगा स्टोअर्समध्ये पोतंभर पडल्यात. यातलं काय खरं मानू, तुम्हीच सांगा.

दोन्ही खरं आहे असं कसं सांगणार? काल मला पडली असंच वाटलं होतं.

शॉपवर हशा. असेंब्लीचा सुपरवायझर म्हणाला, मॅडम, आज पूर्ण तपासणार की अर्ध्यातून परत? मी तीन वर्षं या लोकांच्या मालाला नाही म्हणतेय. ते ऐकतात, कारण मी म्हणते ते तसंच असतं. तेवढंच आहे माझ्याकडे. पुणं गेलं खड्ड्यात, ते "अर्ध्यातून परत" खोडलं गेलं पाहिजे.

मंगळ., १३ मे

लंचला राव मामांना गाठलं. तुम्ही मला पिवळी रिंग दिलीत ना? मामा दहीभात कालवत राहिले, वर बघेनात. शेवटी हळूच म्हणाले, "बाळ, त्या वेळीं मी गाभाऱ्यांत होतों. अभिषेक चालला होता. रिंगा खुर्चीवर ठेवून गेलों. हें बाहेर पडूं नये."

म्हणजे मीच खुर्चीवरून उचलली. सगळ्यांनीच उचलल्या. रेवतीनेसुद्धा.

मामांवर ओरडता येईना. पाच महिने राहिलेत त्यांचे, आणि वर देवाला गेले होते, विडी ओढायला नाही. पण मला सांगा, मुरुगनला काय दहा मिनिटं थांबवत नव्हतं? मोठ्या साहेबांच्या पाहुण्यासाठी आम्ही तास-सव्वा तास थांबलोच ना!

बुध., १४ मे

दादांचा फोन. सुट्टीचा अर्ज दिलाय म्हणाले. मी काहीच सांगितलं नाही. नितीन म्हणतो, जाऊ दे ना वैशू, कंपनीची रेस ती, ऑलिम्पिक आहे का? त्याचं प्रमोशन कुणी खोटं बोलून अडवलं असतं तर महिनाभर जेवला नसता हा माणूस. त्याला तसं म्हटलं. आता दोघांचा अबोला. कपडे दोन दिवस दोरीवर, वाळत नाहीत. घरभर दमट वास.

एक गोष्ट मात्र आज भांडता भांडता लक्षात आली. माझ्या मागे वीस पावलांवर कोण होतं? रेवती. वर मी केस बांधत होते तेव्हा ती तोंडासमोर होती. तिने पाहिलं. पाहिलंच असणार. आणि चार दिवस गप्प आहे! माझ्याशी हसते काय, अक्का अक्का करते काय. भोळी समजत होते मी तिला.

शुक्र., १६ मे

तिची दुसरी पाळी. गेटवर तासभर थांबले. घामाने ओढणीचं पोतेरं झालं. शेअर ऑटोतून उतरली, मला बघून वळायला लागली. हात धरला. विचारलं सरळ.

नाकबूल केलं नाही. म्हणाली,

"अक्का, तुम्ही वर गेलात. केस बांधलेत तेही पाहिलं मी. फेब्रुवारीत माझा ट्रे मी तपासला होता. तपासल्याचा टॅग गळून पडला, मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, टॅग नाही म्हणजे तपासणी नाही. मग आता रिंग नाही म्हणजे चढ नाही."

पुढचं भराभरा सांगितलं. तेव्हा मी रजिस्टरात मारलेल्या शेऱ्यामुळे एप्रिलच्या पर्मनंटच्या यादीतून तिचं नाव गेलं. तिच्यानंतर आलेल्या दोघी लागल्या. मग हात सोडवून घेतला आणि पंच करायला आत गेली.

मला कुठला ट्रे ते आठवेना. रोज वीस ट्रे बघते मी! मनात आलं, हा निव्वळ सूड आहे. मी नियमाने वागले, ती डोळ्यांनी पाहिलेलं लपवतेय. दोन्ही एकच कसं? बसमध्ये उभ्याने हेच घोकत आले.

शनि., १७ मे

हाफ डे. सगळे गेल्यावर फेब्रुवारीचं रजिस्टर काढलं. तिला खोटं पाडायलाच काढलं होतं, कबूल करते.

सापडलं. माझं अक्षर, माझी सही. "टॅग नाही" असं नाही लिहिलेलं. लिहिलंय, "ऑपरेटरने तपासणी न करता माल पुढे पाठवला."

हे मी कुठे पाहिलं होतं? मी फक्त टॅग नसलेला ट्रे पाहिला. बाकीचं मनाने लिहिलं. बालकृष्णननी लिहिलं तसंच, अगदी तसंच. पाच दिवस त्या माणसाला शिव्या देतेय मी.

पंख्याखालीसुद्धा घाम. स्वतःचाच इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

रवि., १८ मे

नितीनला सांगितलं. अबोला सुटला तो असा. तो म्हणाला, सोपं आहे, तू तिचा शेरा दुरुस्त कर, ती तुझी साक्ष देईल, दोघींचं काम. तेच तर नको. मग तिची साक्ष म्हणजे माझ्या दुरुस्तीची किंमत, आणि माझी दुरुस्ती म्हणजे तिच्या साक्षीची. कोण खरं मानणार? आणि मी तरी मानेन का? शेरा दुरुस्त करायचा तो चुकीचा आहे म्हणून. तिला आधी सांगायचं नाही.

नितीन म्हणाला, तुझं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय.

सोम., १९ मे

सकाळी रजिस्टरात त्याच पानावर, त्या शेऱ्याखाली लिहिलं: टॅग नव्हता एवढंच मी पाहिलं. तपासणी केली नाही, हे मी पाहिलेलं नाही. आजची तारीख, सही. आमच्या क्वालिटीच्या साहेबांना दाखवलं. ते उखडले. ऑडिट होऊन गेलेल्या पानावर लिहितात का, मॅडम? उद्या प्रत्येक ऑपरेटर उठेल. मी म्हटलं, उठू दे. ते म्हणाले, एचआरला पाठवतो, तुम्हीच निस्तरा. पाठवा म्हटलं.

चारला बालकृष्णनकडे बैठक, रिझल्टविरुद्ध मी लेखी दिलेल्या तक्रारीवर. राव मामांना बोलावलं होतं. मला वाटलं गप्प बसतील. पण बिचाऱ्यांनी उभं राहून सांगितलं, तमिळमध्ये, सगळ्यांसमोर, की मी जागेवर नव्हतो, रिंगा खुर्चीवर होत्या. हात जोडले होते. मला रडू आलं. बालकृष्णननी लिहून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मॅडम वर आल्या हे तुम्हीही सांगू शकत नाही. वा!

मग रेवती. युनिफॉर्मवर पांढरी पावडर, थेट मशीनवरून आलेली. सर म्हणाले, तू मागे होतीस. मॅडम वर आल्या होत्या का?

माझ्याकडे बघितलं तिने. रजिस्टरचं तिला माहीत नव्हतं. तुझा शेरा दुरुस्त केलाय, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर तिने खरं सांगून टाकलं असतं. मी ओठ दाबून बसले.

म्हणाली, "मी खाली बघून पळत होते, सर. काही पाहिलं नाही."

बालकृष्णननी फाइल मिटली. नावं शुक्रवारी पुण्याला जाणार, तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा, म्हणाले. बाहेर व्हरांड्यात ती माझ्या पुढून गेली, मान खाली घालून. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, खोटं का सांगू.

मंगळ., २० मे

एचआरमधून चिठ्ठी आली. रजिस्टरचं पान मिळालं, संबंधित ऑपरेटरला दाखवून तिची सही घ्यायची आहे, उद्या सकाळी दहाला. मीही हजर राहायचं.

दादांना फोन केला. तिकिटं काढू नका, पण अर्जही मागे घेऊ नका. दादा म्हणाले, म्हणजे काय ते एकदा धड सांग. मी म्हटलं, मलाच माहीत नाही.

नितीन म्हणतो, उद्या सुट्टी टाक, तिला एकटीला वाचू दे ते पान. कशाला? काल तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, काही पाहिलं नाही. उद्या ती ते पान वाचताना मी समोरच बसणार आहे. शुक्रवारपर्यंत खरं सांगायचं की नाही, ते मग तिचं तिने बघावं.