विम्याच्या माणसासाठी आवरलेलं घर

माय, तुझ्या सुनेनं अगदी तुझ्यासारखं घर आवरलं आणि त्यापायी आमचा विम्याचा क्लेम बुडाला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या संतापात तूच आठवलीस, कारण या आवराआवरीचं मूळ तू आहेस.

मुकुंदवाडीचं हे घर तू पाहिलं नाहीस. पुढं स्लॅब, मागं स्वयंपाकघरावर पत्रे. कर्ज देताना बँकेनं घराचा विमा गळ्यात मारला होता आणि तो कागद मी न वाचताच कपाटात टाकला होता. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उडून आमच्या पत्र्यांवर पडली, पत्रे फाटले, मागची भिंत अर्धी ढासळली. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. कंपनीला फोन केला. तिकडची बाई म्हणाली, दोन दिवसांत सर्व्हेअर येईल, नुकसान बघेल, त्याच्या अहवालावर पैसे मिळतील. मी घरात एवढंच सांगितलं, की परवा साहेब येणार आहेत, आणि कारखान्यात डबल ड्युटीला निघून गेलो.

साहेब यायच्या दिवशी सकाळी परत आलो तर विटांचा ढीग गायब. फाटके पत्रे भंगारवाल्यानं नेलेले, वर कुणाचे तरी जुने पत्रे ठोकलेले. गवंडी भावाला बोलावून तुझ्या सुनेनं भिंत उभी करून घेतली होती, गिलावा स्वतःच्या हातानं केला होता. दारात रांगोळी. साहेब आला, पोहे खाल्ले, वर बघितलं, म्हणाला, "नुकसान किधर है? सब तो ठीकठाक दिखता." फोटो मागितले. पडक्या घराचे फोटो आमच्यात कोण काढतं? तुझी सून म्हणाली, "मग साहेबाला काय मातीत बसवायचं व्हय?" तो तोंडावर हात धरून हसला. त्या हसण्याची मला अजून किळस येते. तो गेल्यावर मी कागद वाचला. मोडलेलं तसंच राहू द्या, फोटो काढा, आमचा माणूस बघेपर्यंत हलवू नका. इंग्रजीत होतं, पण साधंच लिहिलं होतं. क्लेम नामंजूर झाला. आता पाऊस लागलाय आणि त्या जुन्या पत्र्यांतून थेट शेगडीवर गळतं.

मला आपल्या गावचा, देवगाव रंगारीचा, तो दिवस दिसतो. गारांनी कौलं फुटलीत, तलाठी पंचनाम्याला येणार आहे. तू अंधारातच उठतेस, फुटकी कौलं परसात नेऊन टाकतेस, भिंती सारवतेस, शेजारून खुर्ची मागून आणतेस. मी म्हणतो, राहू दे की कौलं, त्याला दिसू दे. तू शेणानं भरलेल्या हातांनी तशीच माझ्याकडं बघतेस. "आपलं उघडं पडल्यालं लोकाला दाखवायचं नसतं. भीक मागाया बसलो का आपण?" तलाठी चहा पिऊन गेला आणि आपण सगळा पावसाळा घरात भांडी मांडून काढला. तुझा तो ताठा मी जन्मभर लोकांना कौतुकानं सांगत आलो. आज मला त्याचा वीट आलाय, माय. त्यांना मोडलेलंच बघायचं असतं, आणि आपण त्यांना पोहे देतो.

मग बँकेतर्फे विमा काढून देणारा एजंट आला. दात कोरत म्हणाला, "काका, टेन्शन कायला घेता? भिंत थोडी पाडा, पत्रा वाकवा, मी फोटो काढतो. दुसरा सर्व्हेअर आपलाच हाय. माझं तेवढं बघा." वादळात, टाकीनं खरोखर पाडलेली भिंत कुणाला चालली नाही, आणि आता मी पाडलेली चालणार होती.

त्याला मी हाकलून दिलं, असं गल्लीत सगळ्यांना सांगतो. लोक माझ्या सचोटीचं नाव काढतात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगतो. हाकललं ते नंतर. आधी मी पहार घेऊन आत गेलो होतो. तुझी सून भाकरी थापत होती. मागं न वळता म्हणाली, "पाडायची तर पाडा. पण भाकरी होऊ द्या, पिठात माती जाती." मी पहार धरून उभा राहिलो, आणि उभ्या उभ्याच माझा जोर गेला. त्या वेळी तिची भाकरी आधीच झालेली असती, तर मी भिंत पाडली असती.