मलई

१० नोव्हेंबर, कासुर्डी

पोचले एकदाची. यवतच्या स्टँडवर एसटीनं सोडलं तेव्हा दोन बॅगा, एक कुकर आणि मी, असा सगळा लवाजमा होता. रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कुकरकडे, आणि मग भाडं वाढवून सांगितलं. बार्शीची आहे म्हटलं मी, मला असं कुणी गंडवत नाही. शेवटी तोच हरला, वर बॅगाही त्यानंच चढवल्या.

खोली झकास आहे. भैरूआबा आणि रतनमावशींच्या घराच्या मागच्या अंगाला, स्वतंत्र दार, समोर मेंढ्यांचं कुंपण. आबांच्या घरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आता विहीर आहे, ऊस आहे, तरी आबांना मेंढ्या काही सुटत नाहीत. मावशी म्हणाल्या, ताई, वासाचं मनावर घेऊ नगा, चार दिसात सवय व्हती. मी म्हटलं मावशी, पलीकडच्या गुऱ्हाळाचा वास आणि हा, दोन्ही मिळून बरंच लागतंय की. त्यांना ते फार आवडलं. लगेच भाकरी आणि ठेचा आला.

लॅब हायवेच्या पलीकडे आहे. राजनंदिनी मॅडम इथल्याच, परदेशात शिकून परत आल्या आणि वडिलांच्या कांद्याच्या गोदामात त्यांनी लॅब उभी केली. जखमा भरून काढणारं नवं मटेरियल बनवतात. मी टेक्निशियन. नमुने कापायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघून नोंदवायचे.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. मला पाचवा लागलाय. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. इंटरव्ह्यूला मी ढगळ कुर्ता घालून गेले होते. आत्ता कळलं तर हातात नारळ देतील, म्हणून पक्की नोकरी झाली की मगच सांगायचं. मल्हार तिकडे राजस्थानात सोलरच्या साइटवर, फोनवर मला शिव्या घालतो आणि मग स्वतःच हसतो. हसू दे. हे बाळ हातात यावं, बाकी मला काही नको.

१९ नोव्हेंबर

त्या मटेरियलला लॅबमध्ये सगळे मलई म्हणतात. दिसतेच तशी, दुधावर धरलेल्या जाड सायीसारखी. मेंढीच्या लोकरीतलं प्रथिन, त्यात एक लवचीक पॉलिमर आणि त्यात जिवंत पेशी. मॅडम शिकवतात छान. म्हणाल्या, मलईला जखम कळत नाही, तिला फक्त कड कळते. दोन कडा समोरासमोर दिसल्या की ती शरीरातल्या पेशींना हाक मारते आणि जोडून टाकते. काम झालं की विरघळून जाते.

आज प्रत्यक्ष बघितलं. काल एका मेंढीच्या पाठीवर बारीकसा छेद घेऊन मलई लावली होती. आज तिथे काहीच नाही. खपली नाही, व्रण नाही, हात फिरवून शोधावं लागलं. मी नमुना बघितला तर नवी कातडी कुठली आणि जुनी कुठली, सांगता येईना. माझ्या अंगावर काटा आला, आनंदानं. भाजलेल्या माणसांसाठी, साखरेच्या पेशंटच्या पायांसाठी हे केवढं मोठं काम होईल.

पोटात आज पहिल्यांदा हाललं. मासोळीनं शेपूट मारावी तसं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तशीच बसून राहिले, कुणाला दिसू नये म्हणून.

५ डिसेंबर

चूक झाली. नमुने कापायच्या मशीनचं पातं बदलताना बोट चिरलं, हाडापर्यंत. नियमाप्रमाणे दवाखान्यात जायचं, पण तिथे टाके घालण्याआधी औषधांसाठी विचारणार, दिवस गेलेत का? आणि कागद मॅडमकडे जाणार. मी रडले नाही, वेळच नव्हता. मलईचं डबडं समोरच होतं. लावली, वर पट्टी बांधली, फरशी पुसली.

संध्याकाळी पट्टी सोडली. बोट जसं होतं तसं. मला एवढं हायसं वाटलं की जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आबांच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. दुपारी जेवायला खोलीवर आले तेव्हा पट्टीवरचं रक्त बघितलं होतं त्यांनी. म्हणाले, ताई, कसलं औशीद हाय ते, आमच्या मेंढरांच्या खुरात जखमा झाल्यात, द्या की जरा. मी नाही म्हणाले. मग त्यांनी अशी काही मिनतवारी केली की उरलेल्यातली थोडी आणून दिली. मावशींनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना त्याचा वास आवडला नाही म्हणे, खरं तर त्याला वासच नाही.

२८ डिसेंबर

आज मेंढ्यांच्या वाड्यात तमाशा झाला. आबांच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला चीर असते, ती त्यांची खूण. त्यांचे चुलतभाऊ म्हाळूतात्या आपला कळप घेऊन विहिरीवर पाण्याला आले आणि ओरडायलाच लागले, ह्या बिनखुणेच्या मेंढ्या कुणाच्या, माझ्या कळपातल्या उचलल्या का? आबा म्हणाले, तुज्या डोळ्यात काय माती गेली का, माज्याच हायेत. पण कान बघतात तर चीर नाही. कान अख्खे, पानासारखे. ज्यांच्या खुरांना मलई लावली त्याच सगळ्या.

दोघं एकमेकांच्या सात पिढ्यांपर्यंत गेले आणि मग चहा प्यायला बसले. मला हसू आवरेना. चीर जुनी, तीन-चार वर्षांपूर्वीची, आणि खुराला लावलेली मलई कानापर्यंत पोचली कशी, हे मात्र विचारायला हवं होतं. मॅडमना विचारायचं तर आधी दिलं कसं ते सांगावं लागेल. गप्प बसले.

१४ जानेवारी

मावशींकडे हळदीकुंकू. काळी साडी नेसले, पोट आता लपत नाही, मावशींना केव्हाच कळलंय, त्या फक्त गालातल्या गालात हसतात. लॅबमध्ये दागिने चालत नाहीत म्हणून कुड्या डबीतच होत्या. आज घालायला घेतल्या तर जाईनात. वाटलं भोक बुजलं असेल, जरा जोर लावला. आरशात बघितलं.

भोक बुजलेलं नव्हतं. तिथे कधी भोक पाडलेलंच नाही असा कान होता. नाकातल्या चमकीचंही तेच. मी सहा महिन्यांची असताना आईनं टोचून घेतलं होतं.

तशीच गेले. बायकांनी विचारलं कान मोकळे का? ॲलर्जी म्हणाले. वाण घेतलं आणि पदर कानांवर ओढून घेतला.

२३ जानेवारी

मेंढ्यांची कोकरं भुकेनं ओरडतायत. आबांनी पिळून बघितलं, सडातून दूध येत नाही, सडाला तोंडच नाही. कास फुगून दगड झालीय.

आणि ती पांढरी गाभण मेंढी. काल सकाळपासून कळा देत होती. आबांनी हात घालायला बघितलं आणि मागे सरले. मला म्हणाले, ताई, वाटच न्हाई तिला. सगळं सपाट हाय.

दुपारी ती उभ्या उभ्याच गेली. शेवटपर्यंत आमच्याकडे बघत होती. आबा तिच्या मानेला मिठी मारून रडले. मी घरात आले आणि दार लावलं आणि पोटावर हात ठेवून बसले. मला भीती वाटतेय. इतकी कधीच वाटली नव्हती.

२४ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. बोट, आबा, मेंढी, कान, पोट. वाटलं होतं ओरडतील. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, हर्षदा, जखम आणि भोक यातला फरक आम्ही तिला शिकवलाच नाही.

ती विरघळत नाही, पसरते, एवढं आता त्यांनाही कळलं. थांबवता येतं का म्हटलं. म्हणाल्या, प्रयत्न करते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धीर त्यांनाच द्यावा लागणार असं वाटलं.

२ फेब्रुवारी, पुणे

मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आणलंय. मावशी सोबत आल्यात. आबांना म्हणाल्या, तुमची मेंढरं तुम्ही बघा, मी पोरीसंगं जाती.

बाळ ठीक आहे. वाढ चांगली, ठोके चांगले. ऐकून मी मोठ्यानं रडले. बाहेर येण्याची नेहमीची वाट मात्र राहिलेली नाही, तेव्हा पोट कापूनच काढायचं. आणखी थोडं वाढू द्या म्हणाले.

मग डॉक्टरांनी माझ्या दंडावर लहानसा छेद घेऊन बघितला. पातं पुढे सरकत होतं आणि मागे कातडी मिटत होती. पाण्यात काठी ओढावी तशी. रक्त यायलाही वेळ मिळाला नाही.

डॉक्टरांनी पातं ट्रेमध्ये ठेवलं. म्हणाले, चिमट्यांनी धरून ठेवू, जलद काम करू. त्यांच्या आवाजावरून कळलं, त्यांनाच खात्री नाही.

९ फेब्रुवारी

पायाची बोटं जोडली गेली. दुखत नाही, तेच वाईट आहे. उजव्या हाताची दोन बोटं एकच झालीत, पेन अंगठ्यानं दाबून धरते. ओठांचे कोपरे आत आलेत. मावशी पेज नळीनं पाजतात आणि गावच्या गप्पा सांगत राहतात, म्हाळूतात्या आता आबांच्या मेंढ्यांना रोज पाणी पाजतो म्हणे. मॅडम रोज नवं इंजेक्शन आणतात. काही फरक नाही.

मल्हार पुढच्या आठवड्यात सुट्टी मिळाली की निघतोय. मी त्याला म्हटलं माझं काही का होईना, बाळ निघायला हवं. तो म्हणाला असलं बोलू नकोस.

बाळ लाथा मारतंय. मार बाबा. जोरात मार.

१६ फेब्रुवारी

सोनोग्राफी. डॉक्टर बराच वेळ मशीन फिरवत राहिले. मॅडमना आत बोलावलं. दोघं स्क्रीनसमोर.

ठोके आहेत का विचारलं. आहेत. मग काय?

डॉक्टर म्हणाले, बाळाची पाठ कुठे संपते आणि तुमचं शरीर कुठे सुरू होतं, दिसत नाही.

मॅडमनी तोंडावर हात धरला. कळलं मला. त्यांना सांगावं लागलं नाही. तिला आमच्या दोघांच्या मध्ये कड दिसली—

१८ फेब्रुवारी

मल्हार आला. माझा हात हातात घेऊन बसला. बोटं मोजत होता बहुतेक, मग थांबला.

डॉक्टरांना म्हणतो, हिला वाचवा. मी मान हलवली. तो चिडला. मीही. दोघांतलं कोण असं त्यांना विचारू नकोस म्हटलं, कुठून कापायचं हेच त्यांना कळत नाहीये. ओठ पुरते उघडत नाहीत. त्याला अर्धंच समजलं—

१९ फेब्रुवारी

रोज दोन ठोके ऐकू यायचे. माझे सावकाश, त्याचे भरभर.

आज नर्सनं मशीन इकडे लावलं, तिकडे लावलं. सगळीकडे एकच.

भरभर.

२० फेब्रुवारी

त्यानं लाथ मारली. पोटात काही नाही. माझा गुडघा वर आला. मी नव्हता उचलला—

भूक लागते, दुधाची. मला दूध आवडत नाही. लहानपणापासून—

मावशींनी अंगाई म्हटली आणि मला झोप लागली. लगेच.

२१ फेब्रुवारी

उद्या सकाळी कापणार. माझ्यातून ते सोडवणार, जेवढं सुटेल तेवढं. मल्हारनं सही केली. दाराशी उभा राहून रडतोय, आत येत नाही.

नको. कुणीतरी सांगा त्याला. आता कापलं तर दोघांना—

एक डोळा मिटला. झोपेत. परत—

२२ फेब्रुवारी

आलेत न्यायला. दिवा फार मोठा. मला रडू येतंय, मोठ्या माणसाचं नाही, तसलं—

नर्स पेन ओढतेय. मी केव्हाच सोडलाय. हात सोडत नाही. तान्हं बाळ बोट धरतं ना, तसा घट्ट—

ते घाबरलंय. मल्हार, थांबव त्यांना, त्याला सगळं कळ—