नानांच्या खोलीतला केर

मंगळ. ३ जाने. ८९, जळगाव
आजपासून नानांकडे, रुग्णसेविका म्हणून. वय ७८, जन्मभर सोनारकाम. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. मारतात म्हणून आधीच्या दोघी टिकल्या नाहीत. सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, दारातच सांगितलं, महिनाभर बघू, नाही जमलं तर धुळ्याचा वृद्धाश्रम. फॉर्म रेडिओखाली दिसला. मुलाची, भाऊंची, सही तेवढी राहिलीय.
मनात म्हटलं, जमेल. मग संध्याकाळपर्यंत चारदा गोळ्यांची वेळ तपासली.

गुरु. ५
नानांनी मारलं. डाव्या हाताने वाटी फेकून. खोली झाडून केर बाहेर टाकायला निघाले तेवढ्यात. कपाळाला टेंगूळ. जेवणाआधी हात धुऊन दिले, पाणी मोरीत ओतलं, तेव्हा नाना परत ओरडले. सगळं वर्गात शिकवलं तसंच केलं होतं. मग चुकलं कुठे...

शुक्र. ६
आज नीट पाहिलं. आंघोळ, कपडे, भरवणं, कशालाच चिडत नाहीत. फक्त दोन वेळा: केर नेताना, आणि हातांचं पाणी ओतताना. आज मारलं नाही, रडले. सुपलीकडे बोट करून, "त्यामा शे." त्यात आहे. काय आहे? परत तेच. मी केर चिवडून पाहिला. धागा, गोळीचा कागद, मेलेली मुंगी.

रवि. ८
सुटी. घरी पहूरला गेले. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. आईला सगळं सांगितलं, तर भाकरी थापता थापता हसली. "सोनार कुठं केर फेकतो का व माय?"
लहानपणी ती गावच्या सोनाराकडे झाडायला जायची. केरात सोन्याचे कण जातात, म्हणून तो डब्यात राखायचा. हात धुतलेलं पाणीसुद्धा भांड्यात. वर्षाकाठी झारेकरी येऊन केर धुऊन कण काढायचा.
म्हणजे नानांच्या डोळ्यांदेखत मी रोज सोनं उकिरड्यावर टाकत होते. सहा महिन्यांचा कोर्स करून.

सोम. ९
झाकणाचा पत्र्याचा डबा त्यांच्या उशाशी ठेवला. कोर्सच्या वहीत मात्र स्पष्ट आहे: रुग्णाच्या खोलीत केर ठेवू नये. दुपारभर तेच डोक्यात. शेवटी ठरवलं: सुकाच केर, अन्नाचा कण नाही, झाकण घट्ट. हातांचं पाणी भांड्यात साठवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी मोगऱ्याला, तेही नानांना विचारून, त्यांच्यादेखत. त्यांच्यामागे काही करायचं नाही.
नाना डबा मांडीवर घेऊन बसले. पूर्ण जेवले.

शनि. १४
आता नाना स्वतःच आपल्या जुन्या सोनारी कुंचल्याने टेबलावरचा केर गोळा करतात. डावी बोटं सुटतायत. चमचाही स्वतः धरतात. सांडतं, पण मी मध्ये पडत नाही.
भाऊ ऑफिसातून आल्यावर म्हणाले, त्यात थोडा पितळेचा कीस टाक, म्हातारबा खूश होतील. मी म्हटलं, "ते लगेच ओळखतील, भाऊ. मग माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत." फार बोलले का मी?

मंगळ. २४
धुळ्याहून निरोप: जागा झालीय, महिनाअखेर कळवा. वहिनी म्हणतात, आता शांत झालेत, म्हणजे तिथेही राहतील. हे मला सुचलंच नव्हतं! मी विचारलं, तिथली बाई डबा ठेवू देईल का? वहिनींनी कुंचला हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, कुंचल्याचे केस झडलेत, नवा आणायला हवा.
डबा, पाणी, चमचा, कसं करायचं ते एका कागदावर लिहिलं, नानांबरोबर द्यायला. मग तो आधी भाऊंना वाचायला दिला.

मंगळ. ३१
संध्याकाळी भाऊ फॉर्म आणि पेन घेऊन नानांच्या खोलीत आले. मी ताट वाढत होते. नानांनी आधी भाऊंच्या हातांकडे बोट केलं, मग पाण्याच्या भांड्याकडे. भाऊंनी फॉर्म टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि न झटकता भांड्यातच निथळत धरले.
"लहानपणी दुकानात असंच करायला लावायचे मला," म्हणाले. "एक थेंब बाहेर गेला तर टपली."
बापलेक शेजारी बसून जेवले. मग नानांनी फॉर्मवरची धूळ कुंचल्याने डब्यात ओढली आणि डबा फॉर्मवरच ठेवला.
भाऊंनी डबा उचलला नाही. सही न करताच पेन खिशाला लावून गेले.
उद्या स. ७ आंघोळ.