विंझरच्या सभेआधीचे मौन

भोर, ता. ४ फेब्रुवारी १९३७
किकवीच्या सभेत आवाज फाटला. शेवटी नुसते हातवारे. आज डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले. पंधरवडाभर तोंड बंद, कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. चौदा तारखेला विंझरला सभा. दौऱ्यावरच्या साहेबाचा तळ पडला की गावाने फुकट ओझी वाहायची, या वेठीविरुद्ध मी नाही बोलणार तर कोण? डॉक्टर म्हणतात, विश्रांतीही काम समजून करा. रिकामटेकड्यांचे काम.

ता. ६
पाटीवर लिहून वाद घालतो. सौ. अर्ध्यातच पुसते. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय." वाचायला बसलो की मनात भाषण जुळते, ओठ हलतात. तिने पुस्तकेही उचलून नेली.

ता. ९
विंझरचा ज्ञानबा आला. सभा त्याच्याच खळ्यावर. सौ.ने त्याला एवढेच सांगितले की यांचे मौन आहे. त्याने सरळ माझ्या पायांवर डोके ठेवले. कुठल्या देवाचे व्रत, विचारू लागला. पाटीवर 'घसा' लिहिले. त्याला अक्षरओळख नाही. हसून मान डोलावली. सौ. तोवर चुलीकडे.

ता. ११
विंझरची माणसे दर्शनाला. नारळ, उदबत्ती. बुवाबाजीवर त्यांच्याच गावात दोनदा बोललो आहे. एका म्हातारीने नातू मांडीवर ठेवला, डोक्यावर हात ठेवा म्हणाली. राहवले नाही. ओरडलो, "मी बुवा नाही." शेवटचा शब्द फुटलाच नाही. ज्ञानबा हळू म्हणाला, "आमच्यापायी मोडलं."

ता. १२
डॉक्टर संतापले. आजपासून पुन्हा पहिल्यापासून. पाण्याचा घोटही टोचतो. त्यात ज्ञानबाचा निरोप: व्रत मोडल्याचे पाप गावावर नको, म्हणून उरलेले मौन गाव पाळणार. रविवारी साहेबाचा तळही पडतो आहे. वेठीला हाक आली तर कोणी ओ देणार नाही. मौन म्हंजे मौन.
इतकी वर्षे न्याय, हक्क, माणुसकी सांगून घसा फोडला, तेव्हा माना हलवून ओझी उचलली. आणि आता हे. असल्या कारणासाठी. हे खोडून तरी कसे काढू? आणि खोडले तर…

ता. १४, सकाळी
विंझरहून बैलगाडी आली आहे. ज्ञानबाने सांगून पाठवले, "तुमी नुसतं बसा." सौ. म्हणते, "पडून राहा. तुमच्यावाचून होतंय तर होऊ द्या." तेच सोसत नाही. गेलो तर बोलल्याशिवाय राहणार नाही, हे तिलाही ठाऊक. मग माझा आवाज जाईल आणि गावाचे मौनही मोडेल.
पगडी घातली. काढली.
गाडीवान दोनदा विचारून गेला, "जुंपू का?" सौ. उंबऱ्यात उभी आहे. गाडीवानाला उत्तर माझ्याकडूनच हवे आहे.